साडभाऊंची बारी

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या साडभाऊंइतका गाडीशी इमानानं वागणारा माणूस दुसरा सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वतःच्या तब्येतीबद्दल ते डॉक्टरला बेधडक खोटं सांगतात. गोड किती खाता असं विचारलं तर "नावाले" म्हणतात आणि घरी येऊन दोन वाट्या बासुंदी पितात. पण गाडीच्या तब्येतीबद्दल मिस्त्रीशी बोलताना त्यांच्या तोंडून एक अक्षर खोटं निघत नाही. आवाज कधीपासून येतो, थंडीत येतो की उन्हात, वळताना येतो की ब्रेक दाबल्यावर, तेव्हा गाडीत कोण बसलं होतं, त्यात वजनदार कोण होतं, सगळं अथपासून इतिपर्यंत सांगतात. एकदा माझ्या देखत त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, "डाव्या अंगानं आवाज येते, पन मास्तर बसले असले तरच येते." मास्तर म्हणजे मी. मिस्त्रीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि समजल्यासारखी मान हलवली. अशा माणसाबरोबर मी सहा वर्षं एका गाडीची भागीदारी केली आणि त्या सहा वर्षांत त्यांना जमेल तेवढं फसवलं. चित्र त्यांचं काढतो आहे, पण त्यात जिथं जिथं लबाडी दिसेल ती माझी समजावी.

हे सगळं लिहायला बसलो, कारण गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदमच झाल्या. साखरेनं साडभाऊंच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची कायमची बंदी केली. आणि त्याच सुमारास गाडीला पंधरा वर्षं भरली. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा आरटीओकडे पासिंगला न्यावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालते, नाही तर भंगारात जाते. कागदावर नाव माझं होतं, त्यामुळे न्यायची की नाही हे माझ्या हातात होतं. मला ती बला टळायला हवी होती. साडभाऊंना मात्र आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, की आपलं चालवणं गेलं ते गेलं, गाडी तरी जाऊ नये.

गाडी घेतली ती त्यांच्याच हौसेनं. साडभाऊंची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. ते मोजणी खात्यात होते. ऐन वैशाखात काळ्या रानात साखळी ओढायची, बांधावर उभ्या असलेल्या दोन भावांच्या शिव्या ऐकायच्या आणि संध्याकाळी साहेबाच्या जीपमध्ये मागं, खुंट्या आणि झेंड्यांच्या शेजारी बसून परत यायचं. निवृत्तीनंतर अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं आपली नऊ वर्षांची काळी साहेबी गाडी विकायला काढली, तेव्हा साडभाऊ ती नुसती बघायला म्हणून गेले आणि दोन तासांनी मला फोन केला. म्हणाले, "मास्तर, मागच्या सीटले दिवा हाये. पेपर वाचाले." मागच्या काचेला बटणावर खालीवर होणारा पडदा होता, दोन सीटांच्या मधे हात टेकायला गादी होती, आणि समोर खऱ्याखुऱ्या लाकडाची पट्टी होती. एवढ्या गाडीची किंमत एका बऱ्या मोटरसायकलीच्या दुपटीहून थोडी जास्त होती. इतकी मोठी गाडी इतकी स्वस्त का, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि माझ्या हातात नुकतीच वेतन आयोगाची थकबाकी पडली होती, त्यामुळे मला तो पडला नाही. गाडी मागं बसून मिरवायची आहे आणि आपल्यापैकी एकाकडेही ड्रायव्हर नाही, हे तर घरी आणल्यावर लक्षात आलं.

भागीदारीचा कागद करू, असं मी म्हटलं. साडभाऊ हसले. "कागदात पडलेले भाऊ मी लय पाह्यले, मास्तर. गाडी तुमच्या नावावर घ्या. आपुन बारी करू." त्यांच्या गावाकडे चार भावांत एक विहीर होती आणि आठ-आठ दिवसांच्या बारीनं पाणी चाले. ज्याची बारी, त्याचं पाणी आणि त्याच बारीत मोटर जळली तर दुरुस्त करून द्यायची त्यानंच. तोच कायदा त्यांनी गाडीला लावला. दोन महिने अकोला, दोन महिने अमरावती. बदल मूर्तिजापुरात, कारण ते साधारण मधे पडतं. ज्याच्या बारीत बिघाड निघेल त्यानं दुरुस्त करायचा, दुसऱ्यानं विचारायचं नाही. विहिरीला हा कायदा कसा लागू पडला मला माहीत नाही, पण गाडीच्या बाबतीत त्याचा एकच अर्थ माझ्या ध्यानात आला. बिघाड सुरू कधीही होवो, तो निघाला पाहिजे साडभाऊंच्या बारीत.

साडभाऊंच्या गाडीत बसणं हा एक संस्कार होता. चपला बाहेर काढायच्या. ते स्वतः अनवाणी चालवत. पायाला गाडीचं समजतं, असं त्यांचं म्हणणं. निघण्याआधी चारही चाकांना बोटाच्या मागच्या हाडानं टकटक करायचं. इंजिन सुरू करून दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. गाडीला कोणी 'जुनी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते "वयानं मोठी" म्हणत. साठच्या वर काटा जाऊ देत नसत. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ऊस भरलेला ट्रॅक्टर एकदा आमच्या पुढे निघून गेला तेव्हा मी शरमेनं मागचा पडदा वर केला. ते शांतपणे म्हणाले, "त्याले घाई हाये. आपल्याले गाडी हाये." अंजनगाव सुर्जीला आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरदेवासाठी ही गाडी मागितली. साडभाऊंनी दिली, पण फुलं चिकटपट्टीनं लावायची नाहीत, रंग निघतो, या अटीवर. शेवटी एकच हार वायपरला बांधला. वरातीच्या गोगलगायीच्या चालीनं गाडी तापली, बंद पडली, आणि नवरदेवाला आत ठेवून बँडच्या तालावर वऱ्हाडानं ती मांडवापर्यंत ढकलत नेली. साडभाऊ गाडीच्या शेजारून चालत होते आणि ढकलणाऱ्यांना एकेकाला सांगत होते, हात पत्र्यावर नको, खांबावर ठेवा.

आता माझ्याकडची दोन महिन्यांची थोरवी सांगतो. अमरावतीत आमच्या कॉलनीत सगळे स्कूटरवर फिरतात, कारण तेच शहाणपणाचं आहे. माझी गाडी फाटकातून आत जाईना. मी फाटकाचा एक खांब पाडला, तेव्हा ती अर्धी आत गेली. उरलेली अर्धी रस्त्यावर, आणि तिच्या डिकीवर शेजारच्या कोचिंग क्लासची पोरं वह्या ठेवून गणितं सोडवायची. मी कॉलेजात गाडी नेली की प्राचार्यांची गाडी माझ्या गाडीपुढे लहान दिसे, त्यामुळे मला चार दिवस आनंद झाला आणि पाचव्या दिवसापासून मला परीक्षेच्या कामाला लावलं. शहरात ती लिटरला सात किलोमीटर जायची, आणि एसी लावला तर किती जायची हे मी मुद्दाम मोजलं नाही. तिचा टायर अमरावतीत मिळत नसे. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म नागपूरच्या भंगार बाजारातून यायचा, तोही ट्रॅव्हल्सच्या टपावरून, आणि बहुतेक वेळा उजव्याऐवजी डावा यायचा. काच वरखाली करायचं बटण गेलं तर काच खालीच राहायची, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून यायचं. भाजी आणायला मी आधीसारखा स्कूटरवरच जात होतो. दोन महिन्यांत गाडी पंधरा वेळा काढायचो, त्यातल्या आठ वेळा ती बाहेर कुठं तरी राहायची आणि मी ऑटोनं घरी यायचो.

म्हणून मी कला शिकलो. मिस्त्रीकडे न जाता बारी कशी काढायची, ही ती कला. एका उन्हाळ्यात एसीची हवा गरम यायला लागली. बारी बदलायला अजून नऊ दिवस होते. मी नऊ दिवस गाडी काढलीच नाही, आणि दहाव्या दिवशी मूर्तिजापूरला पहाटे सहाला भेटू, असं साडभाऊंना कळवलं. सकाळच्या गारव्यात एसीचा प्रश्नच आला नाही. "मास्तर, एवढ्या फजरी उठून आले, कमाल हाये तुमची," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला आणि किल्ली घेतली. मग एकदा समोरच्या काट्यांमधे इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. मी बायकोच्या पाकिटातली एक काळी टिकली काढून त्या दिव्यावर बरोबर मधोमध चिकटवली. दिवा दिसेनासा झाला. इतकं सफाईदार काम माझ्या हातून प्रयोगशाळेतही कधी झालं नव्हतं. दोन महिन्यांनी गाडी परत घेताना दिवा विझलेला होता आणि टिकली नव्हती. साडभाऊंनी खिशातून टिकल्यांचं नवं कोरं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "छोटीले द्या," ते म्हणाले. छोटी म्हणजे माझी बायको. "आन मोठ्या घेतल्या. ते पहिली लहान होती, बाजूनं उजेड येत होता." त्यावर ते हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तोंडाला पदर लावला होता. मी ते पाकीट घेतलं, आणि सांगायला लाज वाटते, पण पुढच्या वर्षी त्यातली एक वापरलीही.

चिखलदऱ्याला आम्ही चौघं एकदाच गेलो. घाटात अर्ध्यावर तापमानाचा काटा चढला. साडभाऊंनी गाडी कडेला लावली, आम्हा तिघांना उतरवलं आणि वर चालत निघायला सांगितलं. स्वतः बॉनेट उघडून, रेडिएटर निवेपर्यंत, त्यावर छत्री धरून उभे राहिले. मी जरा चिडून म्हटलं, एवढी मोठी गाडी आणि एक घाट चढत नाही. ते म्हणाले, "तिले दम लागला. तुमाले पाच मानसं पाठीवर घेऊन चढाले लावलं असतं तं तुमाले काय लागलं असतं?" आम्ही चौघंच आहोत, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली. नंतर एका प्रवासी गाडीवाल्यानं थांबून आम्हाला वर सोडायची तयारी दाखवली, तेव्हा खालच्या वळणावरून साडभाऊंचा आवाज आला, "नोको भाऊ, आमच्याजोळ गाडी हाये." त्या दोघी बहिणींनी त्या दिवशी चालता चालता इतक्या गप्पा मारल्या की त्या अजून चिखलदऱ्याची सहल छान झाली असंच सांगतात.

मग डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी मूर्तिजापूरला यायला त्यांना उशीर व्हायला लागला. मग एका खेपेला गाडीच्या डाव्या बाजूला लांब ओरखडा दिसला आणि साडभाऊ त्याच्यावर हात ठेवून उभे होते. "मले बैलगाडी दिसलीच नाई," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी पाहिलं नव्हतं. बैलगाडीवाल्याला काही झालं नव्हतं, पण साडभाऊंनी त्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिली ती दोन्ही हातांनी दिली. आठवड्याभरात डॉक्टरांनी बंदी घातली. आणि गाडी माझ्याकडे, माझ्या बारीत, पंधरा वर्षांची झाली.

हिशेब न करताही मला कळत होतं की पासिंगला न्यायची म्हणजे टायर, पुढचे दोन आर्म, ब्रेक, धुरकट झालेले दिवे, सगळं करावं लागणार. आणि एवढं करून चालवणार कोण, तर मी एकटा. माझा साठीतला गुडघा क्लच दाबून दुखत होता. बडनेरा रोडवरच्या एका भंगारवाल्याला मी गाडी दाखवली. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारून, फोनवर बोलता बोलता, किलोच्या भावानं किंमत सांगितली आणि येत्या रविवारी उचलून नेतो म्हणाला. साडभाऊंना हे खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी बुधवारी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "भाऊसाहेब, गाडी नापास झाली."

 मग ते म्हणाले, "कायच्यात?"

"सगळ्यातच," मी म्हटलं.

"रिमार्क वाचून दाखवा."

मी आयुष्यभर पोरांना कॉपी करताना पकडलं आहे, पण इतक्या लवकर कधी पकडलं नव्हतं. रिमार्क तोंडी दिला, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "तोंडी? मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, मास्तर. सरकारात तोंडी शिव्या भेटतात. रिमार्क लेखीच असते." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला साडभाऊ आणि ताई एसटीनं अमरावतीत आले. ताईंचा हात धरून ते ऑटोतून उतरले, माझ्या नमस्काराला मान हलवली आणि घरात न येता थेट गाडीकडे गेले. चपला काढल्या. एका हातानं पत्रा चाचपत गाडीभोवती हळूहळू फिरले. चाकांना टकटक केलं. मग मला बॉनेट उघडायला लावून आत हात घातला, जिथं गाडीचा चेसिस नंबर कोरलेला असतो तिथपर्यंत, आणि बोटं बाहेर काढून माझ्यासमोर धरली. बोटांवर काळी, चिकट धूळ होती. "पासिंगवाला सगळ्यात पहिले इथं कपडा मारते," ते म्हणाले. "नंबरावर कागद ठेवते आन पेन्सिल घासते. हे धूळ लय दिवसांची हाये. गाडी तिथं गेलीच नाई."

मी मान खाली घातली. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिनंही मान खाली घातली. साडभाऊंनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, पण अर्धीच पुसली गेली, कारण त्यांना बाकीची धूळ दिसत नव्हती. म्हणाले, "डाक्टरनं मले नापास केलं, ते लेखी केलं. मले राग नाई आला. तपासलं, पाह्यलं, मंग लिहिलं. तुमी हिले न पाहताच करून राह्यले, मास्तर." आवाज अजिबात चढला नव्हता.  वयाच्या बासष्टाव्या वर्षी एखाद्यानं कान धरून बाकावर उभं केलं असतं तर बरं झालं असतं. आपण वाईट वागलो, हे मला त्या सहा वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ कळलं. मी एवढंच म्हणू शकलो, की रविवारी नेतो. मग आठवलं की रविवारी आरटीओ बंद असतं आणि भंगारवाला यायचा आहे. सोमवारी नेतो, म्हटलं, आणि आत जाऊन भंगारवाल्याला फोन केला.

आधी गाडी तंदुरुस्त करायला हवी होती, म्हणून शुक्रवारी मी ती अकोल्याला त्यांच्या मिस्त्रीकडे नेली. मागे मला खालपासून वरपर्यंत न्याहाळणारा तो हाच, याला सगळे उस्ताद म्हणतात. सत्तरीचा माणूस, साहेबी गाड्यांशिवाय कशाला हात लावत नाही, आणि त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक फारसं नसतं. उस्तादनं गाडी वर उचलली, खाली जाऊन बराच वेळ काही ठोकलं आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "मास्तर, तुमीच काय ते टिकलीवाले?" मला गाडीखाली जागा असती तर मी गेलो असतो. उस्ताद मात्र मजेत होता. "तुमची बारी संपाले आली का साहेबांचा मले फोन यायचा. 'उस्ताद, मास्तरची गाडी येऊन राह्यली, दोन दिवस मोकळे ठेवजा.' एसीच्या वेळेस तं 'मास्तर फजरी सहाले बलावते, म्हंजे एसी गेला' म्हनून त्याइनं आधीच गॅस आनून ठेवला होता."

सगळं माहीत असून ते मला बोलले का नाहीत, असं मी विचारलं. उस्तादनं पाना खाली ठेवला. "मीबी हेच इचारलं. तं म्हने, मास्तर पुस्तकाचा मानूस हाये. त्याच्या हातून बिघडून येऊ दे, तिथल्या भलत्या मिस्त्रीच्या हातून सुधरून नोको यायले." म्हणजे सहा वर्षं मी बिघाड त्यांच्या गळ्यात मारत होतो, आणि ते तो ओंजळीत झेलायला बसले होते. माझ्या लबाडीनं त्यांचं काही नुकसान झालं नाही, उलट सोयच झाली, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उस्तादला म्हटलं, या खेपेला जे जे लागेल ते करा, बारी माझी आहे.

उस्तादनं दोन दिवसांत गाडी तयार केली, आणि सोमवारी अमरावतीला पासिंगसाठी साडभाऊ हट्टानं आले. पुढच्या डाव्या सीटवर, अनवाणी, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. आमचा नंबर लागेपर्यंत तीन तास उन्हात थांबलो. एक तरुण इन्स्पेक्टर आला, त्यानं दिवे बघितले, हॉर्न वाजवला, नंबरावर कपडा मारून कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. पेन्सिलीचा तो आवाज ऐकताना साडभाऊंनी मान जरा तिरपी केली होती. मग इन्स्पेक्टर स्वतः गाडी घेऊन मैदानात एक फेरी मारून आला. उतरताना त्यानं लाकडाच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, एवढी जपून कोणी ठेवली?" मी बोलायच्या आत साडभाऊ म्हणाले, "आमी दोघांनी." मी दुसरीकडे पाहिलं. गाडी पास झाली. पाच वर्षं, असं इन्स्पेक्टरनं सांगितलं आणि पुढच्या गाडीकडे गेला.  बडनेऱ्याच्या पुलावर आल्यावर साडभाऊ म्हणाले, "पाच वर्षं. लेखी. मले एवढे कोन देते?" आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

त्या दिवसापासून त्यांची बारी सुरू होत होती. चालवता येत नाही, तर गाडी माझ्याकडेच राहू द्या, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी नुसता तळहात पुढे केला. मी गाडी अकोल्याला त्यांच्या दारात उभी केली, किल्ली तळहातावर ठेवली आणि एसटीनं परत आलो. आता दर दोन महिन्यांनी हेच चालतं. त्यांच्या बारीत गाडी एक फूटही पुढे जात नाही. ते रोज सकाळी चपला काढून तिच्यात बसतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, आणि सात वाजता मला फोन लावून तो बॉनेटजवळ धरतात. मी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलेला असतो. बायको विचारते कोण, मी सांगतो, गाडी. मला इंजिनातलं काही समजत नाही, अगदी आजही. फोनमधून तर नुसती घरघर ऐकू येते. इंजिन बंद झालं की साडभाऊ विचारतात, "काय वाटते?"

पहिल्या महिन्यात मी म्हणत असे, छान वाटते. ते "बरं" म्हणत आणि फोन ठेवत. ताईंनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं, की मग ते दिवसभर ओट्यावर बसून राहतात, कोणाशी बोलत नाहीत. त्यानंतर मी म्हणू लागलो, "भाऊसाहेब, उजवीकडून जरा कुरकुर वाटते हो." त्यांचा आवाज लगेच बदलतो. थंड इंजिनात येते की गरम झाल्यावर, सतत येते की थांबून थांबून, असं ते मला खोदून खोदून विचारतात, आणि मी सुचेल तसं सांगतो. मग उस्तादला फोन जातो. तो पेटी घेऊन येतो, बॉनेट उघडतो, दोघं दोन दिवस कुरकुर शोधतात. सापडत नाही, पण त्या शोधात एखादा सैल नट, चिरलेला पाइप असं काहीतरी निघतंच, आणि साडभाऊ मला संध्याकाळी पुन्हा फोन करून सगळं अथपासून इतिपर्यंत सांगतात. परवा म्हणाले, "मास्तर, तुमाले आता ऐकू येऊन राह्यलं बरं." मी हो म्हटलं.

गेल्या सोमवारपासून बारी माझी झाली आहे. गाडी आणायला अकोल्याला जायचं आहे, तसं मी त्यांना कळवलंही आहे. बायकोनं दोनदा आठवण करून दिली. पण गाडी इथं आली की सकाळी सातचा फोन बंद. मी अजून एसटी स्टँडकडे फिरकलेलो नाही.